उलट्या पायांची भुतं

"पाय कुटं हायत त्येचं?"

"कुणाचे?"

"त्या भुताचं."

पिशवी दाबता दाबता माझा हात थांबला. दुधाच्या पिशवीचं टोक कापून त्यातून मी साखर घालून फेटलेला अंड्याचा पांढरा भाग ओव्हनच्या ट्रेवर सोडत होते. खाली गोल, वर टोक, अशी चिमुकली भुतं ओळीनं उभी राहत होती. व्हिडिओतल्या बाईला जमतं तसं मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमत होतं, आणि नेमकी त्याच वेळी ही चौकशी सुरू झाली.

"आत्याबाई, ह्या भुतांना पाय नसतात. चादर पांघरल्यासारखी असतात ती."

"चादर? थंडी वाजतीया व्हय त्येस्नी?"

"तसं नाही. तिकडची भुतं अशीच असतात."

"तिकडं कसली का आसंनात. भूत म्हनलं की पाय आलं, आनि त्येबी उलटं. टाच म्होरं, बोटं मागं. पायच न्हाईत तर भूत वळखायचं कशावरनं?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या कराडकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामा म्हणायची पद्धत आहे. स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून, चौकटीला पाठ लावून त्या बसल्या होत्या. आत यायच्या नाहीत. फाल्गुनात मामा गेले, दिवसकार्य उरकून आम्ही त्यांना पुण्यात वाकडच्या फ्लॅटवर घेऊन आलो, तेव्हापासून त्यांनी ते दार ओलांडलं नव्हतं. मामांच्या नावानं गोडही सोडलं होतं. पाय बाहेर असले तरी जीभ मात्र दिवसभर माझ्या ओट्यावर असायची. भाजी चिरली की मोठी, कणीक मळली की सैल, आणि मी गप्प बसले की "बोलत का न्हाईस गं, राग आला व्हय?"

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. रेवा माझ्यापेक्षा उंच झालीय. पण तो दिवस आठवला की अजूनही माझ्या कपाळावरची शीर उडते.

रेवा माझी मुलगी. तिचा वाढदिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या तारखेला, म्हणजे तिकडे भुतांची सोंगं घेतात त्या हॅलोविनच्या दिवशी. त्या वर्षी तिनं हट्ट धरला की वाढदिवस भुतांचाच करायचा. भुतांचा खाऊ, भुतांचा केक, सगळं भुतांचं. शाळेत इंग्रजीच्या बाई असलं काही शिकवत असतील आणि तिथूनच हे खूळ आलं असेल, असं मी धरून चालले. विचारायच्या भानगडीत पडले नाही.

अडचण वेगळीच होती. घरात मामा गेलेले. आत्याबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं: वर्षाच्या आत सण नाही, गोडधोड नाही, आणि घरात कढई तर चढवायचीच नाही. नुकतीच दिवाळी झाली होती, ती तशीच गेली. आकाशकंदील नाही, रांगोळी नाही, तळण नाही. शेजाऱ्यांनी फराळाचे डबे आणून दिले, ते आम्ही खाल्ले. पण पाडव्याच्या सकाळी रेवा दार उघडून जिन्यात उभी राहिली, नाक वर करून सगळ्या मजल्यांचा वास घेतला आणि आत येऊन म्हणाली, "आई, आपल्याच घराला कसा वास नाही?"

आठ वर्षांच्या व्हायच्या होत्या बाईसाहेब. आजोबांशिवाय पहिली दिवाळी. मामा दर पावसाळ्यात आमच्याकडे राहायला यायचे ते तिच्याच खोलीत मुक्कामाला. दुपारी दार लावून दोघांचं काय गुळपीठ चालायचं देव जाणे, मी गेले की गप्प व्हायचे. तरुणपणी चारा कापायच्या कडबाकुट्टीत मामांचं एक बोट पेरभर तुटलेलं होतं. तेच बोट नाचवून ते सोसायटीच्या वॉचमनला शिस्त लावायचे आणि तेच बोट धरून रेवा त्यांना बागेत फिरवायची. ते गेल्यावर ती रडली नाही फारशी. नुसती गप्प झाली. म्हणून मी तिला त्या पाडव्याच्या दिवशी शब्द दिला, की वाढदिवसाला सगळं मी करीन, आपल्या घरात, माझ्या हातानं. तिनं तो शब्द लगोलग फोनवरून वर्गभर पसरवला.

मग आत्याबाईंना पटवायचं काम. नवऱ्यानं, म्हणजे विक्रांतनं, "तुम्ही दोघी बघा काय ते" म्हणून हात झटकले. आईसमोर ह्या माणसाला कंठच फुटत नाही. मी आठवडाभर समजावत होते. हा सण नाही आत्याबाई, ही भुतं आहेत. भुतांचा खाऊ म्हणजे काही शुभकार्य नाही. शिवाय कढई नाहीच, सगळं ओव्हनमध्ये. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "तुजं तू बग. मी कोन बोलनार," एवढंच. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. न बोलता त्या स्टूल घेऊन दारात येऊन बसल्या आणि सकाळपासून बोलतच होत्या.

"ह्यो काय?" त्यांनी लांबूनच वाडग्याकडे बोट दाखवलं.

"डोळे आहेत." डब्यातल्या लिचीच्या पोटात मी एकेक काळी मनुका बसवत होते. खाली गुलाबाचं सरबत येणार होतं, म्हणजे रक्त.

आत्याबाईंनी मान लांब केली, चष्मा वर सरकवला. "ह्येला मोतीबिंदू झालाय."

"लिची पांढरीच असते."

"आसूं दे आसूं दे. ह्यो बरोबर जमलाय." सकाळपासूनचं ते पहिलं कौतुक. तेही मोतीबिंदूचं.

"आनि त्या भांड्यात?"

"केक. थडग्याचा. वरून बिस्किटाचा चुरा, म्हणजे माती."

"थडगं? आपल्यात कुटं पुरत्यात?"

"आत्याबाई, मला जरा काम करू द्या ना!"

"मी काय धरून ठिवलंय तुला?"

मी दात आवळले. ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, बटण फिरवलं. आतला दिवा लागला, भुतं पिवळ्या उजेडात छान उभी होती. मंद आचेवर बराच वेळ वाळवायची, मग बोटांची बिस्किटं, मग केक. बोटांचं पीठ मळून तयार होतं, नखांसाठी बदाम सोलून ठेवले होते. पाच वाजता पोरं येणार. सगळं कसं आखल्याप्रमाणे चाललं होतं.

आणि लाईट गेली.

मी म्हटलं, येईल. पंखा थांबला, फ्रिज थांबला, खालच्या मजल्यावर कुणीतरी "गेली का?" म्हणून ओरडलं. ओव्हन काळा झाला.

"आज गुरवार न्हवं का," दारातून आवाज आला.

गुरुवार! पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारी, सकाळी जाते ती दिवेलागणीला येते, हे इथं पाळण्यातलं पोरही सांगेल. मी भुतांची तारीख पाठ केली होती आणि वार बघितला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हंजी काय. दर गुरवारी मी टीवी लावत न्हाई ती काय उपास म्हनून?"

"मग बोलला का नाहीत मघाशी?"

"मी बोलले की तुला काम करू द्यायचं आसतंय."

मी विक्रांतला फोन लावला. तो म्हणाला, "अगं मग बाहेरून पेस्ट्री घेऊन येऊ का? चॉकलेटची?" मी फोन ठेवला. चॉकलेटची पेस्ट्री! शब्द कुणी दिला होता? वर्गातल्या पोरी ह्याला विचारणार होत्या का, भुतं कुठायत म्हणून? सोसायटीच्या जनरेटरवर लिफ्ट चालते आणि जिन्यातले दिवे लागतात. माझ्या ओव्हनचं कुणाला काय?

गॅस तेवढा होता. केकचं मिश्रण मी कुकरमध्ये ठेवलं, शिट्टी काढून, तळाला मीठ घालून. तो झाला. फुगला, आणि झाकण काढल्याबरोबर मधोमध खचला. आत्याबाई म्हणाल्या, "थडगं म्हनून बरं हाय." ओव्हनचं दार उघडलं तर भुतं उकाड्यानं बसून गेलेली. टोकं मोडलेली, तळाशी साखरेचं पाणी सुटलेलं, एकमेकांना चिकटून सगळ्यांचा एकच चिकट थर झालेला. कुकरमध्ये बोटं होणार नव्हती. मी एक तव्यावर भाजून पाहिलं, ते खालून करपलं आणि वरून पिठूळ राहिलं.

घड्याळात दुपार उलटत आली होती. दिवाळीची सुट्टी होती, रेवाला मी सकाळीच खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे पाठवलं होतं, सगळं तयार झाल्यावरच वर यायचं म्हणून. ती तिथं बसून भुतांची वाट बघत असणार.

मी ओट्याला पाठ लावून खाली फरशीवर बसले. रडू नको म्हटलं तरी यायला लागलं. "तिची दिवाळी गेली, आत्याबाई," मी म्हटलं. "आता हेही गेलं. काय सांगू मी तिला? आपल्या घराला ह्या वर्षी वासच नाही म्हणून सांगू?"

दारातून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग त्यांच्या पायांचा. मी मान वर केली तर त्या ओट्यासमोर उभ्या होत्या, पदर खोचलेला.

"कढई कुटं ठिवलीयास?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कढई? वर्षाच्या आत?"

"सनाला कढई चढवायची न्हाई. भुतास्नी कसलं आलंय सुतक?"

"आत्याबाई!" मी उभीच राहिले. "आठवडाभर मी दुसरं काय सांगतेय? हेच ना? शब्दाला शब्द हेच ना?"

"तू तिकडच्या भुतांचं सांगत हुतीस. मैदा आन. आनि रवा."

डोकं आपटून घ्यावं असं वाटलं. पण वेळ नव्हता. माझ्या पिठात लोणी फार आहे, तसंच सोडलं तर तेलात विरघळून जाईल, असं म्हणत त्यांनी त्यात मूठमूठ मैदा घातला, रवा घातला, दुधाचा हबका मारला आणि मळायला घेतलं. इतक्या महिन्यांनी त्या हातांना पीठ लागत होतं. मी एकीकडे खचलेल्या केकवर माती पसरत होते आणि एकीकडे हुकूम झेलत होते. तेल घाल. येवढं न्हवं. गॅस बारीक कर. झारा हाय का न्हाई घरात, का त्योबी लाईटीवर चालतोय?

त्यांनी पहिल्यांदा भुतं केली. पोळपाटावर लाटून, सुरीनं कापून. पोट सुटलेली, आणि प्रत्येकाला पाय. टाचा पुढं. कढईत पडली की ती टम्म फुगायची आणि आणखीच ढेरपोटी दिसायची.

"इतकी जाडी कशाला?"

"खाऊन खाऊन."

मग बोटं. तळहातावर वळी फिरवून, दोन जागी चिमटा घेऊन पेरं पाडायची, टोकाला बदाम दाबायचा. भराभर पडत होती ताटात, खरंच कुणाच्यातरी हाताची वाटावीत अशी. आणि त्यात मधेच एक आखूड. दोनच पेरं, टोक बोथट, नख नाही.

"हे अर्धं राहिलंय," मी म्हटलं आणि ते परत गोळ्यात घालायला उचललं.

त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. जोरात. "ऱ्हाऊ दे त्ये."

"अहो, सगळ्यांना नखं आहेत आणि हे एकच असं. पोरं म्हणतील..."

"म्हनू देत."

"निदान बदाम तरी लावा."

"बदाम न्हाई लावायचा त्येला." त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि सगळ्यात आधी तेच तेलात सोडलं. मी हात जोडले, मनातल्या मनात नाही, खरोखरचे. म्हटलं करा, तुम्हाला हवं ते करा. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. घामानं ओली झाले होते, पंखा बंद, आणि मोतीबिंदूवाले डोळे अजून सरबतात सोडायचे होते.

पाचच्या आधीच जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दार उघडंच होतं. रेवा आत आली ती धापा टाकत, चेहऱ्याला पांढरी पावडर फासलेली. "आई! आपल्या घरातून वास येतोय! खालपर्यंत येतोय!"

तिच्यामागून सगळी भुतावळ आत शिरली. कुणी जुना टॉवेल पांघरलेलं, कुणी काजळ थापलेलं. डोळ्यांच्या वाडग्यासमोर किंकाळ्या झाल्या, थडग्याची माती पहिल्यांदा कुणी खायची ह्यावरून ढकलाढकली झाली. विक्रांत मधल्या वेळात येऊन गुपचूप एका कोपऱ्यात भूत चावत उभा होता. मी बोटांचं ताट आणून मधे ठेवलं. पोरं तुटून पडली.

रेवानं हात घातला आणि थांबली. तिनं ते आखूड बोट चिमटीत धरून वर काढलं, उलटं केलं, सुलटं केलं. मला वाटलं, आता म्हणेल, हे तुटकं कुणी केलं.

"आजी," ती म्हणाली, "हे आजोबांचं?"

आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मग आनि कुनाचं?"

माझ्या हातात रिकामी डिश होती, ती तशीच राहिली.

"हे माझ्या आजोबांचं बोट आहे," रेवानं सगळ्यांना सांगितलं. आवाज मोठा, मामांसारखाच. "भुतानं खाल्लं होतं. आजोबा विहिरीवर पाणी काढत होते ना, तेव्हा. त्या भुताचे पाय उलटे होते आणि पोट इतकं मोठं होतं, आणि त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. म्हणून त्याला दिसलंच नाही नीट. त्याला वाटलं गाजर आहे."

एक टॉवेलवाला म्हणाला, "मग? परत दिलं का त्यानं?"

"आजोबा म्हणाले, जाऊ दे, भुकेलं होतं बिचारं. आपण तुझ्या वाढदिवसाला सगळ्या भुतांना जेवायला बोलवू. पोट भरलं की देईल तो परत." तिनं बोट वर धरून दाखवलं. "दिलं बघा."

म्हणजे शाळा नाही, इंग्रजीच्या बाई नाहीत. ठरलं होतं ते मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात, त्या बंद दारामागं, आजोबा आणि नातीत. मी तिकडची भुतं करत बसले होते. आत्याबाईंना सगळं माहीत होतं, मामांनीच सांगितलं असणार. दिवसभर त्या मला पाय लावायला सांगत होत्या, पोटं वाढवत होत्या, त्या मोतीबिंदूवर खूश होत्या. एक शब्द सांगितला असता तर? पण सांगतील त्या आत्याबाई कसल्या. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच दमात डोळे भरून आले.

रेवानं ते बोट मधोमध मोडलं. अर्धं आजीपुढे धरलं.

"मी गोड सोडलंय बाळा," आत्याबाई म्हणाल्या.

"हे गोड नाही, आजी. बोट आहे."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे. मामांनी फोटोत मात्र तो हात धोतराच्या सोग्याआड लपवला होता, फोटोग्राफरसमोर त्यांना त्या बोटाची लाज वाटायची. आत्याबाईंनी तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या. रेवा आपला तुकडा चावत त्यांच्याकडे बघत होती. तेवढ्यात लाईट आली. पंखे फिरले, सगळी भुतं एका सुरात किंचाळली, आणि आत विसरलेला ओव्हन माझ्या त्या चिकट थराला घेऊन पुन्हा तापायला लागला.

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं.

"बोटांच्या पैल्या घान्याला त्याल तापलं न्हवतं," त्या मला म्हणाल्या. "मधी कच्चं ऱ्हायलंय. तुजी आपली सदाची घाई."

तळलं तुम्हीच होतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तरी मी आत गेले, कढईखालचा गॅस पुन्हा पेटवला आणि ह्या वेळी तेल नीट तापू दिलं.